सातबारावरचे वन

२००६ साली मुंबईच्या मुलुंड, विक्रोळी आदी उपनगरांतील हजारो सदनिकाधारकांना एक विलक्षण गोष्ट कळली. ज्या इमारतीत आपण राहतो ती वनात उभी आहे! खिडकीतून पाहिले तर समोर दुसरी इमारत, खाली वाहनतळ, कोपऱ्यावर वाण्याचे दुकान. वन होते ते महसूल खात्याच्या दप्तरात. जमिनीच्या अभिलेखात ‘खाजगी वन’ अशा आशयाची नोंद चढली होती आणि तिचा कायदेशीर अर्थ असा होता की, ही जमीन १९७५ सालापासूनच राज्य शासनाच्या मालकीची आहे. म्हणजे महापालिकेने मंजूर केलेले नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, नोंदणीकृत करारनामा, नियमित भरलेला मालमत्ता कर, काहींच्या बाबतीत फेडून झालेले गृहकर्ज, हे सारे दुसऱ्याच्या जमिनीवर उभे होते.

महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांचा एकत्रित उतारा म्हणजे ‘सातबारा’. जमीन कोणाची, क्षेत्र किती आणि तिच्यावर अन्य कोणाचा काय हक्क किंवा बोजा आहे, हे त्यावरून समजते. शहरी भागात हेच काम बहुतांशी मिळकत पत्रिका करते. कर्ज देणारी बँक, खरेदी करणारा ग्राहक आणि दोघांचे वकील यांची पहिली नजर या कागदांवर जाते. त्यावर जे नाही ते नाहीच, असे समजून व्यवहार होतात. मुंबईच्या या प्रकरणाने नेमका या समजालाच तडा दिला. शहरातील वन आणि शहराची वाढ यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाकडे म्हणूनच जमिनीच्या कागदांच्या बाजूने पाहणे उपयुक्त ठरावे.

पाण्यामुळे वाचलेले रान

मुंबईच्या उत्तरेस बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्यामध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. इतक्या मोठ्या लोकवस्तीच्या महानगरात एवढे रान टिकले, याचे श्रेय बऱ्याच अंशी पाण्याला द्यावे लागेल. एकोणिसाव्या शतकात मुंबईची तहान भागविण्यासाठी येथे विहार आणि तुळशी हे तलाव बांधण्यात आले. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला, तुळशी १८७९ मध्ये. तलावांना पाणी हवे तर पाणलोट क्षेत्रातील झाडी राखावयास हवी, म्हणून भोवतालच्या टेकड्या मोकळ्या राहिल्या. आपल्या पूर्वसूरींनी वन्यप्राण्यांचा कितपत विचार केला होता ते सांगणे कठीण, परंतु शुद्ध पाण्याच्या हिशेबात बिबट्याचेही भागले.

आणि चांगलेच भागले. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने २०१५ साली उद्यान व लगतच्या परिसरात केलेल्या गणनेत ३५ बिबटे आढळले. २०१८ मध्ये ही संख्या ४७ झाली आणि २०२४ च्या गणनेत ५४. लोकवस्तीने चहूबाजूंनी वेढलेल्या जंगलात बिबट्यांची इतकी दाट वस्ती जगात क्वचितच आढळते. शेजारची आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. तेथील गवताळ माळ, गोठे आणि पाडे यांतूनही बिबट्यांची ये-जा असते. आरेतील वारली बांधव वाघोबाची पूजा करतात. वाघ आणि बिबट्या दोघांनाही त्यांच्या श्रद्धेत तेच नाव आहे. येथील पाडे उद्यानाच्याही आधीचे आहेत, ही गोष्ट अतिक्रमणाची चर्चा करताना पुष्कळदा विसरली जाते.

पन्नास वर्षे पडून राहिलेली नोटीस

आता मूळ विषयाकडे वळू. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५ नुसार खाजगी मालकीच्या वनातील वृक्षतोड किंवा नांगरट यांवर शासनास निर्बंध घालता येतात. मात्र त्यापूर्वी पोटकलम (३) खाली मालकास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. १९५६-५७ च्या सुमारास तत्कालीन मुंबई राज्याने अशा अनेक नोटिसा काढल्या. त्यांतील एक होती विक्रोळीच्या १३३ एकर ३८ गुंठे जमिनीसंबंधी. या जमिनीचा इतिहासही मोठा रोचक आहे. १८३५ साली सरकारने फ्रामजी कावसजी बनाजी यांस विक्रोळीची जमीन कायमच्या भाडेपट्ट्याने दिली होती आणि १९४८ मध्ये ती गोदरेज आणि बॉईस या कंपनीने विकत घेतली.

नोटीस निघाली आणि पुढे काहीच झाले नाही. सुनावणी नाही, अंतिम अधिसूचना नाही, नोटीस मागे घेतल्याचा आदेशही नाही. सरकारी दप्तरात फाईल ‘प्रलंबित’ असणे म्हणजे काय, हे बँकेत काम करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

त्यानंतर आला महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५. ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातील सर्व खाजगी वने शासनाकडे निहित झाली. ‘खाजगी वन’ या शब्दाच्या व्याख्येत कायद्याने एक पोटखंड असा घातला की, ज्या जमिनीबाबत कलम ३५ (३) ची नोटीस काढण्यात आली आहे ती जमीनही खाजगी वन समजावी. हेतू उघड होता. नोटीस मिळताच मालकाने घाईघाईने झाडे तोडून कायद्याला बगल देऊ नये. परंतु १९५६ च्या त्या विसरलेल्या नोटिसा या वाक्याने जाग्या होतात की नाही, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. शासनाने या जमिनींचा ताबा घेतला नाही आणि अभिलेखात नोंदही केली नाही. उलट पुढील तीस वर्षांत शासनाच्याच निरनिराळ्या खात्यांनी त्याच जमिनींवर नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील परवानग्या दिल्या, विकास आराखड्यात त्या निवासी म्हणून दाखविल्या, आणि महापालिकेने इमारतींचे नकाशे मंजूर केले.

येथे बँकेच्या कामकाजातील एका प्रथेचा उल्लेख अप्रस्तुत होऊ नये. स्थावर मिळकत तारण घेताना साधारणपणे मागील तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेण्याची रीत आहे. समजा, एखाद्या वकिलाने १९९० साली मुलुंडच्या एखाद्या भूखंडाचा असा शोध घेतला. तो १९६० पर्यंत मागे गेला असता. १९५६ ची नोटीस त्याच्या हाताला लागलीच नसती. एवढेच नव्हे, त्याने चाळीस वर्षांचा शोध घेतला असता तरी उपयोग नव्हता, कारण ही नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला दस्तऐवज नव्हती. ती वन खात्याच्या कपाटात आणि जुन्या राजपत्राच्या एखाद्या पानात होती. सारांश, येथे ग्राहक निष्काळजी नव्हता, वकील अकुशल नव्हता आणि तारण मंजूर करणारा अधिकारीही बेफिकीर नव्हता. जो कागद दाखवावयास हवा होता तो दाखविण्याची व्यवस्थाच नव्हती.

न्यायालयाची पायरी

२००२ साली बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. खाजगी वनांच्या नोंदी महसूल अभिलेखात झालेल्याच नाहीत आणि त्यामुळे वनजमिनी हातच्या जात आहेत, हे संस्थेचे म्हणणे तत्त्वतः रास्तच होते. जून २००५ मध्ये न्यायालयाने नोंदी अद्ययावत करण्याचे निर्देश दिले. तीस वर्षे न झालेले काम मग वेगाने सुरू झाले आणि २००६ मध्ये नोंदी चढल्या. ज्या क्षणी शासन मालकी सांगते त्या क्षणी त्या मिळकतीची विक्री अडते, तारण म्हणून तिची किंमत शून्यावर येते, जुन्या इमारतीचा पुनर्विकासही थांबतो. मुलाच्या शिक्षणासाठी घर गहाण ठेवू इच्छिणाऱ्या निवृत्त गृहस्थास ‘तुमचे घर जंगल आहे’ असे सांगण्याची वेळ यावी, यापरते दुर्दैव कोणते?

मार्च २००८ मध्ये उच्च न्यायालयाने मालकांच्या व रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या. नोटीस निघाली होती, कायद्याची व्याख्या पूर्ण होते, जमीन शासनाची, असा तो निर्णय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जानेवारी २०१४ रोजी निकाल लागला. न्यायालयाने व्याख्येतील ‘काढलेली नोटीस’ या शब्दांचा अर्थ कोरडेपणाने न लावता असा लावला की, नोटीस मालकास बजावलेली असली पाहिजे, त्यास म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे आणि १९७५ साली ती नोटीस जिवंत असली पाहिजे. वीस वर्षे धूळ खात पडलेली नव्हे. शासनाने अर्धशतक मौन बाळगून, मधल्या काळात स्वतःच बांधकामांना परवानग्या देऊन, नंतर नागरिकांच्या घरांवर हक्क सांगणे न्यायालयास मान्य झाले नाही. ‘खरेदीदाराने सावध असावे’ हे व्यवहारातील जुने तत्त्वही येथे लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ज्या गोष्टीचा थांग खुद्द शासनास व महापालिकेस नव्हता, तिचा शोध सामान्य नागरिकाने कोणत्या दप्तरातून घ्यावा?

रहिवाशांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो न्याय्यच होता. पण या निकालाकडे केवळ विकासाचा विजय आणि वनाचा पराभव म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. वनाचा पराभव १९५७ मध्येच झाला होता, सुनावणीची तारीख न लावल्यामुळे. त्या वर्षी सुनावणी झाली असती तर काही जमिनी वन म्हणून राखल्या गेल्या असत्या, काही मोकळ्या झाल्या असत्या. उद्यानाच्या पूर्व उताराचा काही भाग कदाचित आज हिरवा असता आणि ज्यांनी इतरत्र घर घेतले असते त्यांची आठ वर्षे धास्तीत गेली नसती. बिल्डरांच्या नफेखोरीवर किंवा पर्यावरणवाद्यांच्या अट्टहासावर खापर फोडणे सोपे असते. या प्रकरणात दोष त्या दोघांच्या मधल्या मेजावर होता.

बिबट्याची हद्द

कागदावरील हद्दीशी बिबट्याचे काही देणेघेणे नाही, याचा प्रत्यय मुंबईकरांना २००२ ते २००४ या काळात आला. उद्यानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. जून २००४ मध्ये तर भीतीने कळस गाठला. लोकांची मागणी एकच होती, बिबटे पकडा आणि दूर सोडा. परंतु जुन्नर परिसरातील अशाच घटनांचा अभ्यास करणाऱ्या वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांना उलट चित्र दिसले. पकडून अनोळखी जागी सोडलेला बिबट्या अस्वस्थ होतो, आपल्या मुलखाकडे परतू पाहतो आणि वाटेत संघर्ष वाढतो. २०११ मध्ये वन विभागाने संशोधक, नागरिक, पत्रकार आणि पोलीस यांना एकत्र आणून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. पिंजरे लावण्यापेक्षा कचरा उचलणे, कुत्र्यांची संख्या आटोक्यात ठेवणे, पाड्यांवर दिवे व शौचालये असणे आणि अंधारात मुलांना एकटे न पाठविणे यांवर भर देण्यात आला. हे उपाय कोणाच्या डोळ्यांत भरणारे नाहीत, आणि त्यांची उद्घाटनेही होत नाहीत.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने तर हिशेबाची दुसरी बाजूही मांडली. उद्यानालगतचे बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खात असावेत आणि त्यामुळे श्वानदंशाच्या सुमारे १००० घटना व रेबीजने होणारे ९० पर्यंत मृत्यू टळत असावेत, असा त्यात अंदाज होता. अंदाज तो अंदाजच. तरीही ताळेबंदात ज्याची नोंद कोणी कधी जमेच्या बाजूस केली नव्हती, त्या प्राण्याचे हे खाते लक्षात ठेवण्याजोगे आहे.

अतिक्रमणाचा प्रश्न याहून बिकट. याच संस्थेने १९९५ मध्ये केलेल्या याचिकेवर उच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये उद्यानातील झोपड्या हटविण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९५ च्या मतदार यादीत असलेली सुमारे ३३ हजार कुटुंबे पुनर्वसनास पात्र ठरली. प्रत्येकाने ७ हजार रुपये भरावयाचे होते. प्रथम कल्याणजवळची जागा देऊ करण्यात आली. पण धारावीपासून अंधेरीपर्यंत कुठे ना कुठे रोजंदारी करणाऱ्याने तेथून रोज कामावर कसे यावे? पुढे सुमारे ११ हजार कुटुंबांना चांदिवलीत घरे मिळाली. ती बांधण्यासाठी शासनाच्या तिजोरीऐवजी ‘हस्तांतरणीय विकास हक्क’ वापरण्यात आला. एका जागेवर बांधकाम करण्याचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने अन्य जागी वापरावयाचा किंवा विकावयाचा, ही १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील तरतूद. वाणिज्याच्या दृष्टीने ही मोठी कल्पक योजना आहे. फक्त एक गोष्ट विसरता येत नाही. उद्यानातील झोपडी हटविण्याचा खर्च अखेर उपनगरातल्या कोठल्या तरी रस्त्यावर दोन मजले अधिक चढवून वसूल होतो. मोकळी हवा एकीकडे जमा, दुसरीकडे नावे. उरलेल्या हजारो कुटुंबांचा प्रश्न न्यायालयासमोर पुन्हा पुन्हा येतच राहिला.

आरेमधील मेट्रोच्या कारशेडचा वाद वाचकांच्या स्मरणात असेलच. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली आणि २,१४१ झाडे पडली. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली तेव्हा बहुतेक तोड संपली होती. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचा आणि आरेतील सुमारे ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याचा निर्णय झाला. २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेत आली. २०२४ पासून या मार्गिकेवर गाड्या धावू लागल्या. मेट्रोमुळे रस्त्यावरील वाहने कमी होतात, हेही पर्यावरणाचेच कार्य आहे. तेव्हा हा वाद वन विरुद्ध विकास असा सरळ नव्हताच. जागेची निवड एकदा करून, सर्वांचे ऐकून, मग तीवर ठाम राहिले असते तर झाडांचे काय झाले असते कोण जाणे, पण सार्वजनिक पैसा आणि पाच वर्षे निश्चित वाचली असती.

याउलट ठाणे ते बोरिवली आणि गोरेगाव ते मुलुंड या जोडरस्त्यांचे बोगदे उद्यानाच्या पोटातून नेण्याचे ठरले आणि जुलै २०२४ मध्ये त्यांच्या कामाचे भूमिपूजन झाले. ठाणे-बोरिवली बोगद्याची लांबी १० किलोमीटरहून अधिक आहे. डोंगर फोडून वरून रस्ता काढणे कितीतरी स्वस्त पडले असते. तो जादा खर्च म्हणजे रान न तोडण्याची किंमत, आणि ती अंदाजपत्रकात स्वच्छ आकड्यांत दिसते, हे त्यातल्या त्यात समाधान.

नव्याने आखलेली रेषा

५ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र शासनाने उद्यानाभोवती ५९.४६ चौरस किलोमीटरचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित केले. त्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही. काही ठिकाणी १०० मीटर, काही ठिकाणी ४ किलोमीटरपर्यंत. शहर जेथे कुंपणाला टेकले आहे तेथे रेषा कुंपणाजवळ, जेथे अजून मोकळीक आहे तेथे दूर. ही तडजोड पुष्कळांना अपुरी वाटली. तरीही वनाची हद्द आणि तिच्यालगत काय चालेल, काय नाही, हे निदान राजपत्रात लेखी आले. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील संरक्षित वनांभोवती किमान एक किलोमीटरचे क्षेत्र असावे असा आदेश दिला, तेव्हा महानगरांनी वेढलेल्या उद्यानांस हा एकच दंडक लावता येणार नाही, हे सांगताना संजय गांधी उद्यानाबरोबर चेन्नईच्या गिंडी उद्यानाचा उल्लेख केला. गिंडी अवघे २.७ चौरस किलोमीटरचे. एका बाजूस राजभवन, दुसऱ्या बाजूस आय.आय.टी., आणि मध्ये काळवीट चरत असतात. तेथे एक किलोमीटर मोजावयास गेल्यास अर्धे दक्षिण चेन्नई आत येईल. पुढे एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने हा सरसकट नियम शिथिल केला.

उद्यानाच्या परिसरात घर घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की, सातबारा, मिळकत पत्रिका आणि शोध अहवाल यांच्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, महापालिकेकडून मिळणारा विकास आराखड्यासंबंधीचा अभिप्राय, ज्यात भूखंडाचा विभाग व आरक्षण नमूद असते. दुसरी, पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेतील नकाशा, आणि आपला भूखंड त्या रेषेच्या कोणत्या बाजूस येतो याविषयी विकासकाचे लेखी उत्तर. इतर शहरांतील वाचकांनीही आपल्याकडील तळे, पाणथळ जागा किंवा राखीव वन जवळ असल्यास हीच चौकशी करावी. इसाऱ्याची रक्कम देण्यापूर्वी.